दुछत्तीतली बाळंतीण

मी एक उदमांजर बोलतेय. वर बघू नका, दिसणार नाही मी. खाली पांढरं छत आहे, वर पत्रा आहे, आणि मधल्या हातभर अंधारात मी पडून आहे. खाली कोचिंगची मुलं एका सुरात काहीतरी पाठ करतायत. पत्रा असा तापलाय की पाठ टेकवत नाही. झोप येत नाही, म्हणून बोलतेय.

लखनौत मला धड नाव नाही. इथली माणसं मला बिज्जू म्हणतात. नुसतं बिज्जूही नाही, कबर बिज्जू. म्हणजे कबरी उकरून मेलेली माणसं खाणारं जनावर. मी जन्मात कधी कबर उकरलेली नाही. मी आंबे खाते, जांभळं खाते, उंदीर, पाली, झुरळं खाते. अंगानं मांजराएवढी, तोंड मुंगसासारखं पुढे आलेलं, शेपूट जवळजवळ अंगाएवढंच. आणि माझ्या अंगाला एक वास येतो, नुकत्याच शिजलेल्या सुवासिक तांदळाचा. त्या वासानं मला एकदा घर मिळाल्यासारखं वाटलं आणि त्याच वासानं पुढे माझा माग लागला. ते सांगतेच.

माझा जन्म तेलीबागच्या पलीकडे, एका जुन्या आमराईत झाला. रायबरेली रोडवरून आत वळलं की तेव्हा विटांच्या भिंती संपायच्या आणि झाडं सुरू व्हायची. आमचं झाड इतकं म्हातारं होतं की त्याला आंबे येत नसत, नुसती पानं यायची. पण त्याच्या पोटात उंचावर एक ढोली होती. तोंड लहान, आत ऐसपैस. ऊन लागत नसे, पाणी येत नसे, कुत्र्याची उडी पोचत नसे. आई दिवसभर आम्हाला पोटाशी घेऊन तिथे झोपायची. जगात याहून वेगळी जागा असते हे मला माहीतच नव्हतं.

मग एका हिवाळ्यात माणसं आली, त्यांनी झाडांच्या बुंध्यांवर चुन्याच्या रेघा मारल्या आणि काही दिवसांनी यंत्रं आली. आमचं झाड पडलं तेव्हा मी आत नव्हते. आई होती की नाही, ते मला अजून कळलेलं नाही. जमीन सपाट झाली, चौकोन आखले गेले, रस्त्याच्या तोंडाशी कमान उभी राहिली. कमानीवर आमराईचं नाव तेवढं राहिलं.

त्यानंतर मी कुठे कुठे राहिले! विटांच्या ढिगात राहिले, तर ढीग उचलला गेला. सिमेंटच्या मोठ्या पाइपात राहिले. माझी पहिली पिल्लं त्या पाइपातच झाली. पाइपाला दोन तोंडं असतात, आणि कुत्रे दोन्हीकडून आले. त्याबद्दल मी याहून जास्त बोलणार नाही.

तुम्ही माणसं नेहमी एकच प्रश्न विचारता. रानातलं जनावर घरात येतंच कशाला? खरं सांगू? आम्ही घरात येत नाही हो. आम्ही ढोली शोधत असतो. लहान तोंड, आत कोरडा अंधार, जमिनीपासून उंच, आणि आत शिरायला एकच वाट. हे सगळं पूर्वी झाडात मिळायचं, आता तुमच्या भिंतींत मिळतं. त्या दिवशी मी एका बंगलीच्या मागच्या बाजूनं, पाण्याच्या नळीवरून वर चढले आणि काच फुटलेल्या झरोक्यातून आत डोकावले, तेव्हा मला घर दिसलंच नाही. मला ढोली दिसली.

ते घर प्रसाद आणि अनघा यांचं होतं. दोघं भोरकडची, पण लखनौत येऊन त्यांना इतकी वर्षं झाली होती की भाजीला सब्जी म्हणताना आता त्यांची जीभ अडखळत नसे. प्रसाद अमौसीला विमानतळावर होता. धावपट्टीवर पक्षी, कोल्हे, कुत्रे येऊ नयेत हे बघायचं त्याचं काम. दिवसभर तो घारी-बगळ्यांवर फटाके उडवायचा आणि संध्याकाळी घरी आला की बोलायचाही त्याच आवाजात.

मी राहायला लागले ती जागा त्यांच्या न्हाणीघराच्या आणि बोळाच्या वर होती. अनघा तिला माळा म्हणायची. त्यांची मुलगी अपूर्वा लहानपणापासून तिला दुछत्ती म्हणायची. एका बाजूला बाहेर उघडणारा झरोका, दुसऱ्या बाजूला बोळात उघडणारं लाकडी दार, जे कधीतरीच उघडायचं. आत एक मोडका कूलर, पत्र्याची ट्रंक, आणि थंडी संपल्यावर चादरीत बांधून टाकलेल्या रजया. त्यातल्या एका रजईच्या घडीत मी माझी जागा केली. वैशाखात तिथे मला दोन पिल्लं झाली. एक दांडगं, एक अगदी लहानखुरं.

दिवसा मी पडून असायचे आणि खालचं सगळं ऐकायचे. माणसं एकमेकांशी जितकं बोलतात, त्याहून जास्त ती स्वतःशी बोलतात, हे मला तिथे कळलं. अनघा स्वयंपाक करताना पुटपुटायची. एकदा ती बोळात येऊन थांबली आणि तिनं जोरात श्वास घेतला.

"अहो, शेजारी कुणी आंबेमोहोर शिजवतंय का?"

"इथे कोण शिजवणार आंबेमोहोर?" प्रसाद म्हणाला. "इथे सगळे बासमतीवाले."

"नाही हो. अगदी भोरच्या घरासारखा वास आला. बोळातच येतोय बघा."

तो वास माझा होता. त्यानंतर ती रोज दुपारी बोळात येऊन क्षणभर उभी राहायची. मला वाटायचं, हिला मी आवडते. वेडी मी.

उन्हाळा चढला तशी अपूर्वा माहेरी आली, पहिल्या बाळंतपणाला. तिचं चालणं मी आवाजावरून ओळखायचे, जड, सावकाश, मधेच भिंतीला हात टेकणारं. ती आईशी हिंदीतच बोलायची आणि आई तिला मराठीत उत्तर द्यायची. दोघींनाही त्याचं काही वाटत नसे. ती आल्यापासून घर बदललं. धुणं वाढलं, डबे भरले गेले, भिंतींना रंग लागला. आणि शेजारचे गजेंद्रजी एका सकाळी फाटकाशी येऊन म्हणाले, "भाईसाहब, आपके यहाँ बिज्जू है. मैंने अपनी आँख से देखा, पीछे रोशनदान से निकल रहा था."

"बिज्जू? पक्का?"

"पक्का. चावल जैसी महक आती होगी घर में. आती है न?"

अनघाच्या हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"बिटिया की डिलीवरी होनी है न?" गजेंद्रजींनी आवाज खाली आणला. "देखिए, हम डराना नहीं चाहते. पर ये नवजात को उठा ले जाता है. हमारे गाँव में सब जानते हैं."

अनघा त्या दिवसापासून बोळात थांबेनाशी झाली. जाताना नाकाला पदर लावून भराभर जायची. काल ज्या वासानं तिला माहेर आठवत होतं, त्याच वासाची तिला शिसारी आली.

"उद्याच झरोका बंद करतो," प्रसाद म्हणाला. "आमच्याकडे हाच नियम आहे. आधी वाट बंद करायची. बाकी सगळं नंतर."

"बाबा, पहले चेक तो कर लो. अंदर हुआ तो?" अपूर्वा म्हणाली.

"बघतो ना. मला शिकवतेस?"

दुसऱ्या दिवशी भर सकाळी तो बाहेरून शिडी लावून चढला. मी पिल्लांना पाजत होते. झरोक्यातून टॉर्चचा उजेड आत आला, ट्रंकेवरून फिरला, कूलरवरून फिरला. रजयांचं गाठोडं कूलरच्या मागे होतं. मी श्वास रोखला. पिल्लांनीही रोखला. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. आमची जात अशीच. धोका आला की आम्ही नसल्यासारखे होतो.

"काही नाही," प्रसाद खाली ओरडला. "गेलंय बाहेर."

मग मशीन गुरगुरलं. भिंत थरथरली. झरोक्यातला उजेड आधी अर्धा झाला, मग चिरेएवढा, मग तोही गेला.

मी खूप वेळ हलले नाही. शिडी उचलल्याचा आवाज आला, मग जेवणाची भांडी वाजली. तेव्हा मी उठून झरोक्यापाशी गेले. जिथून वारा यायचा तिथे फळी होती. नाक लावलं तर ताज्या लाकडाचा वास, आणि फटीतून लूची, इथल्या उन्हाळी वाऱ्याची, गरम झुळूक. मी खरवडायला सुरुवात केली.

ज्येष्ठातलं लखनौचं ऊन तुम्हाला माहीत आहे. तुम्ही पडदे ओढता, कूलर लावता, सरबत घेता. स्लॅबच्या पोटात काय होतं ते तुम्हाला माहीत नाही. वरून आग उतरते आणि जायला वाट नसली की ती आतच साचते. मी फळी खरवडली, मग फळीच्या कडेची भिंत खरवडली, मग बोळाकडचं दार खरवडलं. नखं तुटली, फळीवर ओल आली, ती माझीच होती. मधेमधे पिल्लांकडे जायचे. ती लुचायची, आणि आधी जे घळाघळा यायचं ते आता येत नव्हतं. पोटात पाणी नाही तर दूध कुठून येणार? लहानखुरं पिल्लू लुचता लुचता झोपायचं. मी चाटून उठवायचे, ते पुन्हा झोपायचं.

खाली सगळं ऐकू जात होतं.

"ऐकलंत? अजून आहे ते," अनघा म्हणाली.

"बाहेरून आत यायला बघतंय," प्रसाद म्हणाला. "दमेल आणि जाईल. पक्षीसुद्धा पहिले काही दिवस परत परत येतात."

"बाबा, आवाज़ बाहर से नहीं, अंदर से आ रही है," अपूर्वा म्हणाली. "मैं यहीं लेटी रहती हूँ दिन भर. मुझे पता है."

"तू विचार करू नकोस. आराम कर."

विचार करू नकोस, असं माणसं एकमेकांना फार वेळा सांगतात. ज्याला सांगतात तोच बहुतेक बरोबर विचार करत असतो.

पुढच्या दुपारी मी खरवडायचं थांबवलं. थांबवलं म्हणजे पाय उठेनात. मी रजईत पडून राहिले, तोंड उघडं टाकून. आणि मी थांबल्यावर अपूर्वा घाबरली. ती उठून बोळात आली, तिनं काठी घेतली आणि दुछत्तीच्या दारावर ठकठक केली. मी गुरगुरले. ठरवून नाही, तसं झालं.

"बाबा!" ती ओरडली. "सुना? है अंदर. आपने बंद कर दिया उसको!"

प्रसाद आला. त्यानंही ठोकलं. मी पुन्हा गुरगुरले. मग त्यानं वनखात्याला फोन लावला.

वनखात्याच्या माणसांनी फोनवर सगळं विचारून घेतलं, पिंजरा पाठवला आणि सकाळी गाडी घेऊन येतो म्हणाले. पिल्लांचंही त्यांनी विचारलं होतं. प्रसादनं सांगितलं, "नहीं साहब, मैंने टॉर्च मारके देखा है, और कुछ नहीं." तो खोटं बोलत नव्हता. त्याला स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा होता.

दार जेमतेम उघडून त्यांनी पिंजऱ्याचं तोंड तिथे टेकवलं. आत पिकलेली केळी होती, आणि एका वाटीत पाणी. पाणी अपूर्वानं ठेवायला लावलं. केळ्यांसाठी मी गेले नसते. पाण्याचा वास मात्र असा आला की पाय आपोआप सरकले. मी दोन्ही पिल्लांना रजईच्या घडीत नीट झाकलं आणि गेले. मनात होतं, पाणी प्यायचं, दूध येईल, लगेच परत यायचं. जीभ पाण्याला लागली आणि मागे खट्‌ झालं.

पिंजरा त्यांनी खाली व्हरांड्यात आणून ठेवला. गल्लीतली माणसं बघायला आली. कुणी म्हणालं, दात बघा. कुणी म्हणालं, शेपूट बघा. गजेंद्रजी लांबूनच हात जोडून उभे राहिले. सकाळी गाडी आली. गाडीवाला प्रसादला म्हणाला, "मलिहाबाद की तरफ़ छोड़ देंगे. पूरे आम के बाग़ हैं. मज़े करेगी."

मलिहाबाद. त्या बाजूनं येणाऱ्या गाड्यांना दशहरी आंब्यांचा वास असतो, तो मी कित्येकदा हुंगलाय. मैलोगणती आंब्याची झाडं, आणि म्हातारी झाडंही असतील, पोटात ढोल्या असलेली. मला ते मिळणार होतं. फक्त गप्प बसायचं होतं.

आणि बोलले असते तर? ज्यांनी वाट बंद केली त्यांना माझी पिल्लं दाखवायची? नवजात खाणारं जनावर म्हणून जे मला बघत होते, ते माझ्या पिल्लांचं काय करतील? मी पोट जमिनीला दाबून बसले होते, वर बघतसुद्धा नव्हते. आमच्यात पिल्लं वाचवायची हीच रीत आहे, त्यांच्याकडे बघायचं नाही. पण इथे बघितलं नाही तर ती बंद अंधारात राहणार होती, आणि वर पुन्हा ऊन चढायला लागलं होतं.

दोघांनी पिंजरा उचलला. गाडीचं इंजिन सुरू झालं.

मी उठले. मागच्या पायांवर उभी राहिले, पुढच्या पायांनी गज धरले, तोंड दुछत्तीकडे केलं आणि ओरडले. आयुष्यात इतक्या माणसांसमोर मी कधी आवाज काढला नव्हता. माझं सगळं पोट त्यांच्यासमोर उघडं पडलं. रात्रीच्या पाण्यानं दूध उतरलं होतं, ते केसांवरून ओघळत होतं.

"रुको!" अपूर्वा खुर्चीतून उठली. एक हात तिनं स्वतःच्या पोटाखाली धरला होता. "भैया, गाड़ी बंद करो. बाबा, इसको देखो. दूध है इसको."

"अगं, पण मी बघितलं होतं..."

"फिर से देखो! हाथ डालकर देखो!"

प्रसाद पळत आत गेला. स्टूल ओढल्याचा आवाज आला, मग ट्रंक सरकली, कूलर सरकला. तो आला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांत, टॉवेलात, माझं दांडगं पिल्लू होतं. त्यानं पिंजऱ्याचं दार बोटभर उघडलं आणि त्याला आत सोडलं. मी चावू शकले असते. चावले नाही.

तो पुन्हा आत गेला. या वेळी सावकाश बाहेर आला, आणि टॉवेल मिटलेला होता.

"और है?" अपूर्वानं विचारलं.

"होतं," तो म्हणाला.

एवढंच म्हणाला. मग तो मागच्या अंगणात लिंबाच्या झाडाकडे गेला. खुरप्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. एवढ्याशा जिवाला तितका खोल खड्डा लागत नाही.

गाडीवाल्यानं विचारलं, आता काय करायचं? पिल्लू फार लहान आहे, नव्या जागी टिकणं कठीण. ठेवून घेता येत असेल तर ते चालायला लागेपर्यंत राहू द्या, आपण होऊन जातील. सगळे अनघाकडे बघायला लागले, कारण घरात सगळ्यात जास्त भीती तिला होती. तिच्या डोळ्यांत अजूनही ती होती. ती पिंजऱ्यापासून दूर, दाराला टेकून उभी होती.

"वर ठेवा तिला," ती म्हणाली. "बोळाकडचं दार पक्कं बंद करा, आणि झरोका उघडा."

"अगं, पण अपूर्वाचं बाळ..."

"म्हणूनच सांगतेय. बाळंतिणीला असं घराबाहेर काढत नाहीत. माझ्या घरात तर नाहीच."

फळी प्रसादनं स्वतः काढली.

मी तिथे राहिले, पण पूर्वीसारखी नाही. ढोली एकदा बंद झाली की ती पुन्हा ढोली राहत नाही. रोज पहाटे आत शिरताना वाटायचं, आज उजेड जाईल. झोपेत सुद्धा एक कान झरोक्याकडे असायचा. रजईच्या घडीतल्या रिकाम्या जागेवर मी पिल्लाला झोपू देत नसे. खाली अपूर्वाला मुलगी झाली. तिचं रडणं स्लॅबमधून वर यायचं, आणि माझं पिल्लू कान टवकारून ऐकायचं. गजेंद्रजी फाटकापाशी येऊन विचारायचे, "सब ठीक?" अनघा म्हणायची, "सब ठीक." कधीकधी दुपारी ती बोळात यायची. थांबायची. पण श्वास घेतल्याचा आवाज मात्र मी पुन्हा ऐकला नाही.

पिल्लू नळीवरून चढायला-उतरायला शिकलं तसे आम्ही निघालो. प्रसाद रोज झरोक्याच्या कडेवर कणीक भुरभुरवायचा. बाहेर जाणारी पावलं उमटली आणि आत येणारी उमटेनात, तेव्हाही त्यानं लगेच जाळी लावली नाही. आधी काठीनं ठोकलं. थांबला. पुन्हा ठोकलं. स्टुलावर चढून, आत हात घालून, एकेक रजई उलगडून बघितली. मी हे समोरच्या गच्चीच्या टाकीमागून बघत होते. मग त्यानं जाळी लावली. त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. घर त्याचं होतं.

पिल्लू मोठं झालं आणि रस्त्यापलीकडे गेलं. रस्ता रुंद आहे. पुढचं मला माहीत नाही.

वर्ष उलटलंय. आता मी बाजाराजवळच्या या कोचिंगच्या पत्र्याखाली राहते. माझ्या पोटाशी पुन्हा पिल्लं आहेत, डोळे अजून उघडायचेत. आज सकाळी खाली सर कुणाला तरी फोनवर सांगत होते, "सीलिंग में कुछ है. मिस्त्री भेज दो, सारे छेद पैक करवा देते हैं." इथून दुसरीकडे न्यायचं तर जागा हवी, आणि मी रोज हिंडून बघते, जिथे तिथे भिंती गुळगुळीत आहेत. त्यामुळे मी इथेच आहे.

छेद बुजवू नका असं मी सांगत नाही. बुजवा. तुमच्या डोक्यावर कुणी राहावं असं तुम्हाला का वाटेल? फक्त फळी लावण्याआधी एकदा ठोकून बघा. आणि ठोकल्यावर लगेच मशीन हातात घेऊ नका, थोडं थांबा. आम्हाला गप्प राहायची सवय आहे. उत्तर द्यायला वेळ लागतो.